निखाऱ्यावरच्या चापा

आज लातूरला घरी होतो. कोवळ्या बोकडाच्या चापा दोन बोटं जाड कापून आणल्या. आमच्याकडं मटण म्हणजे काळा मसाला नि तर्री. आतून गुलाबी ठेवलेलं कुणी खात नाही, पण मला किती दिवसांपासून तेच करून बघायचं होतं.

तासभर आधी मीठ चोळलं. बाभळीचा जाळ बसून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबलो. जाळावरच ठेवलं तर बाहेरून करपतं नि आत कच्चं राहतं. सुटलेलं पाणी फडक्यानं टिपलं, कारण ओलं मांस तांबूस होत नाही, नुसतं वाफाळतं. चरबी टपकून चर्र झालं की चाप बाजूला सरकवायची, एवढंच. थर्मामीटरची सुई हाडाला न लागू देता मधोमध खुपसली. ६० अंशांना उतरवून ताट झाकलं, पाच मिनिटांत आकडा ६३ वर!

"कच्चं हाय का रं हे?" आईनं विचारलं. मी चाप कापून दाखवली. फिकट गुलाबी, रसानं चकाकणारी. तिनं भाकरीच्या तुकड्यात धरून खाल्ली, मग न विचारता दुसरी उचलली.

दादांना पूर्ण भाजलेलंच लागतं. त्यांच्या दोन परत निखाऱ्यावर ठेवल्या, ७१ पर्यंत.