पोर्ट एलन, शनिवार रात्र

दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. पाय भरून आलेत, पण हे आजच लिहायला हवं. उद्या सकाळच्या बोटीनं स्कॉटलंडचं हे आयला बेट सोडायचं आणि वास फार लवकर विसरतात.

पोर्ट एलनहून निघणारी पायवाट आधी लॅफ्रॉइग, मग लागावुलिन, शेवटी आर्डबेग अशी व्हिस्की गाळणाऱ्या तीन डिस्टिलऱ्यांजवळून जाते. जेमतेम ५ किलोमीटर. शेवटच्या ठिकाणी दहा वर्षं मुरलेल्या व्हिस्कीची बाटली घेतली, तीच आता पेल्यात आहे. ४६ टक्के अल्कोहोल. रंग अगदी फिका, वाळल्या गवताचा.

पेला नाकात न खुपसता हनुवटीपाशी धरला आणि तोंड किंचित उघडं ठेवून हुंगलं. डांबर, टिंचर आयोडीन, आणि त्यामागून चक्क हुरडा! आगटीत कणसं भाजताना गोवऱ्यांचा धूर दाण्यात मुरतो ना, त्याच जातीचा वास. इथेही मोड आणलेले जव धुरावरच वाळवतात. गोवरीच्या जागी पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या शेवाळ-गवताच्या कापून वाळवलेल्या वड्या.

त्या धुरातली फिनॉल्स, म्हणजे धुरकट वास देणारी रसायनं, जवात उतरतात. आर्डबेगच्या जवात दहा लाख भागांत साधारण ५५. या आकड्यावरून बाटल्या निवडणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. ५५ हे जवाचं माप आहे, पेल्यातल्या व्हिस्कीचं नव्हे. गाळताना आणि पिंपात मुरताना त्यातलं बरंच कमी होतं. शिवाय इथल्या दुसऱ्या गाळणीच्या भांड्याच्या नळीला प्युरिफायर आहे, जड वाफ पुन्हा भांड्यात लोटणारा. धुराखालच्या फळाच्या गोडव्याचं श्रेय मी त्यालाच देते.

पहिल्या घोटात मात्र तो गोडवा नव्हता. मिरी, मीठ, राख, बस्स. मग चहाचा एक चमचा पाणी घातलं आणि पेला जरासा गढुळला. बाटलीत भरण्याआधी ही व्हिस्की थंड करून गाळून घेत नाहीत, त्यामुळे तेलकट अंश तिच्यातच राहतात आणि पाणी पडलं की दिसू लागतात. गढूळ म्हणून नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही, उलट जिभेवरचा तो जाडसर, सायीसारखा स्पर्श त्यांचाच.

वीस मिनिटं थांबले. मग लिंबाची साल आली, पाठोपाठ बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, जुन्या पिंपातला व्हॅनिला, शेवटी भाजलेल्या कॉफीचा कडवटपणा. धूर होताच, पण आता मागे, स्वयंपाकघरातून माजघरात येतो तेवढा. घोट गिळल्यावरही तो बराच वेळ घशात राहिला.

आर्डबेगची ही डिस्टिलरी १९८१ ते १९८९ बंद होती. १९९७ मध्ये ग्लेनमॉरंजी या दुसऱ्या व्हिस्की कंपनीनं ती घेतली. इथे आज गाळलेलं दहा वर्षांनी प्यायला मिळतं; तेव्हा भांडी पुन्हा तापवणाऱ्यांनी किती वाट पाहिली असेल, हे आज तिथे उभी असताना फार जाणवलं.

दहापैकी वासाला ९, कोऱ्या घोटाला ७, पाण्यानंतरच्या घोटाला साडेनऊ.

रिकामा पेला न धुता खिडकीत ठेवलाय. सकाळी निघण्याआधी त्यात काय उरलंय ते हुंगायचंय.