ताकदीचं काहीतरी द्या

कोथरूडला माझं मेडिकल आहे आणि दिवसातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच, "सारखं थकायला होतं हो, अंगात त्राणच नसतं, कशानं होत असेल? ताकदीचं काहीतरी द्या ना." तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण मी डॉक्टर नाही, काउंटरवर उभं राहून जे दिसतं तेवढंच.

टॉनिकची बाटली विकायला माझं काय जातंय, मार्जिन बरं असतं. पण मी आधी विचारतो की सध्या चालू काय काय आहे, कारण निम्मं उत्तर कधीकधी त्या गोळ्यांच्या पिशवीतच असतं. परवा एका काकूंनी पिशवी काउंटरवर रिकामी केली. शुगरची मेटफॉर्मिन, कित्येक वर्षं चालू. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल, जी कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती आणि मग घरचीच होऊन बसली. बीपीच्या गोळीत पाण्याचं, म्हणजे लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं, आणि रात्री सर्दीसाठी लिवोसेट्रिझिन, सर्दी असो नसो. आता बघा, व्हिटॅमिन बी-१२ कमी पडलं की थकवा येतो. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात अ‍ॅसिड लागतं ते पॅन्टोप्रॅझोल कमी करते, मेटफॉर्मिन जास्त वर्षं घेतली की बी-१२ अंगी लागणं कमी होतं, आणि काकू शुद्ध शाकाहारी, जेवणातूनही ते कमीच, म्हणजे तिन्हीकडून बोंब. पाण्याच्या गोळीनं वयस्कर माणसांचं सोडियम उतरू शकतं, त्यानं गळून जायला होतं, आणि लिवोसेट्रिझिननं दुसऱ्या दिवशीही डोळ्यांवर झापड राहू शकते. बीपीच्या अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल गटातल्या गोळ्यांनीही काहींना थकवा येतो. पण म्हणून मनानं बंद करायचं नाही हं काही, ही अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल तर एकदम सोडणं धोक्याचं असतं. सगळ्या स्ट्रिपा पिशवीसकट डॉक्टरांसमोर ओता, फाईल नको, स्ट्रिपाच.

बी-१२ चं म्हणाल तर हे आपल्या गावाचंच दुखणं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमनं पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ साली ते छापून आलं, त्यात साधारण दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि जास्त कमतरता शहरातल्या मध्यमवर्गात. म्हणजे आपणच! पण तपासायच्या आधी गोळ्या सुरू केल्या की रिपोर्ट छान येतो आणि मूळ काय होतं ते कळत नाही. त्यातून नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलात तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२ कमीच असेल तर नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं, हातापायाला मुंग्या येतात त्या यानंही.

बायकांमध्ये पहिला संशय रक्ताचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता. हिमोग्लोबिन बारा असलं तरी साठ्यातलं लोह संपलेलं असू शकतं, त्याची टेस्ट वेगळी, फेरिटिन. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तर गोळी निम्मी वायाच. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह उतरलं असेल तर मात्र गोळी नंतर, आधी पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का ते बघायला लागतं.

थायरॉइडवाले म्हणतात गोळी घेतो तरी दमतो. कशी घेता विचारलं की कळतं, चहाबरोबर, शेजारी कॅल्शियम. ती गोळी उपाशीपोटी, मग अर्धा-पाऊण तास काही नाही, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या मुलींनी टेस्टच्या आधी लॅबला सांगावं, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

बाकी, रात्री जोरात घोरणारे, मध्येच श्वास अडकणारे आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारे काका (सिग्नललासुद्धा, काकू सांगतात) यांना टॉनिक नव्हे, झोपेची तपासणी हवी. शुगर, किडनी, लिव्हर, हार्ट हेही यादीत आहेतच, आणि डिप्रेशनही, ज्याचं नाव काउंटरवर कुणी काढत नाही. व्हिटॅमिन डी ची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याची असते, रोजची नाही, हे मी पुडीवर पेनानं लिहून देतो तरी लोक रोज घेतात.

काहींना मात्र मी काहीच देत नाही. काही न करता वजन उतरतंय, जिना चढताना धाप लागायला लागलीय, शौचाला काळं होतंय, असं कुणी म्हटलं की सरळ डॉक्टरांकडे पाठवतो. संध्याकाळची कणकण आणि दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि औषधंही तिथेच फुकट मिळतात, माझ्या दुकानात पैसे घालू नका.