दोन घोडे आणि सहा अंडी

आम्ही राहतो फ्रान्समधल्या ल्योंच्या थोडं बाहेर, आणि शेजारच्या आजोबांकडे एक फिकट पिवळी सित्रोएन टू सीव्ही गाडी आहे, १९८० च्या दशकातली. इथले लोक तिला दशव्हो म्हणतात, म्हणजे दोन घोडे. आता दोन घोडे ही काही खरी ताकद नाही हं, तो टॅक्स लावायचा हिशोब, पण खरी ताकदही फार होती असं नाही, १९४८ ला पॅरिसच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली तेव्हा इंजिन ३७५ सीसी आणि ९ हॉर्सपॉवर. आपल्या साध्या १२५ च्या स्कूटरला साधारण तेवढीच असते, आणि आपण तिच्यावर डबलसीट बसलो तरी चढावर कुरकुरते. आजोबांची गाडी शेवटच्या काळातली म्हणून ६०२ सीसी, २९ हॉर्सपॉवर, म्हणजे घरात एकदम पैलवानच.

मी लहानपणापासून फियाटवाला माणूस. बाबांची पद्मिनी होती, कुर्ल्यात बनलेली, मूळची इटलीची फियाट ११००, आणि घरात तिला पद्मिनी कोणी म्हटलंच नाही कधी, फियाटच. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर बाबा, आई आणि मधे मी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा मी इथे बसून मोबाईलवर फोटो बघत होतो आणि बायको म्हणाली, कोण गेलं? काय सांगणार.

तर आजोबा एका शनिवारी म्हणाले, बाजारात येताय का. मी उडीच मारली.

आत बसल्यावर पहिलं काय दिसतं तर गियरची दांडी. ती खाली नाही, स्टिअरिंगवरही नाही, डॅशबोर्डातून सरळ बाहेर आलेली, टोकाला गोळा, जणू कोणीतरी छत्री आत खुपसून मूठ बाहेर ठेवलीये. ओढायची, ढकलायची, मनगट वळवायचं. काचेखाली एक लांब झडप असते, बटण फिरवलं की उघडते, जाळीतून वारा आत, झाला एसी. पुढच्या दाराची काच खाली जातच नाही, खालचा अर्धा भाग बाहेरून वर दुमडून अडकवायचा, आणि ती खिट्टी जुनी झाली की कोपरावर काच आपटते ही या गाड्यांची जगप्रसिद्ध खोड. सीट म्हणजे नळीच्या चौकटीवर रबरी पट्टे ताणून वर कापड, बाजेवर बसल्यासारखं. बाहेर काढून गवतावर ठेवली की पिकनिकची खुर्ची. हे लोक खरंच तसं करतात, मी पाहिलंय.

या गाडीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि सगळे ती परत परत सांगतात, आजोबांनीही सांगितली. १९३० च्या दशकात कंपनीचे उपाध्यक्ष पिएर बुलांजे यांनी इंजिनियर लोकांना सांगितलं की मला अशी गाडी हवी जिच्यात दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे मावतील, ताशी ६० ने जाईल, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल पिईल, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही फुटणार नाही. मग युद्ध आलं, नमुन्याच्या गाड्या जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून लपवल्या, त्यातल्या तीन १९९० च्या दशकात एका कोठाराच्या माळ्यावर सापडल्या. गाडी स्वतः १९९० पर्यंत बनत राहिली, शेवटची पोर्तुगालमध्ये.

आता त्या अंड्यांसाठी पुढचं आणि मागचं चाक एकाच स्प्रिंगच्या नळकांड्याला जोडलंय, पुढचं खड्ड्यात गेलं की मागचं आधीच सावध. खड्डा कळतच नाही. पण हाच मऊपणा वळणावर नडतो, गाडी इतकी झुकते की दारावर खांदा टेकतो. मला बोटीत बसल्यासारखं वाटत होतं आणि आजोबा मजेत दांडी ओढत-ढकलत.

आणि सरळ सांगायचं तर मुलाला मागे बसवून मी हायवेला ही गाडी नाही नेणार. पत्रा पातळ, एअरबॅगचा प्रश्नच नाही, आजूबाजूला दीड दोन टनांच्या गाड्या आणि हिचं वजन सहाशे किलोच्या आसपास. गोड आहे म्हणून माफ करायचं असं मला नाही जमत. तरी स्वस्त गाड्यांमध्ये हीच माझी लाडकी, कारण बाकीच्यांनी कुठे ना कुठे कंजूषपणा केलाय तो नुसता कंजूषपणाच दिसतो. पूर्व जर्मनीची ट्राबांट बघा, सोव्हिएत कापसाचा चोथा आणि राळ दाबून बॉडी, टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आपल्या जुन्या स्कूटरसारखं, आणि बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायची. रेनो ४ ची गंमत वेगळी, मागचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, एकापुढे एक बसवल्यामुळे तिच्या एका बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा जवळपास पाच सेंटीमीटर जास्त. तरी ऐंशी लाखांवर विकली, कोणाचं काही अडलं नाही! आणि महिंद्रा-रेनोची लोगन आठवतेय का, आपल्या नाशिकला बनायची ती? दिसायला साबणाच्या वडीसारखी. टॅक्सीवाल्यांना विचारा, डोळे चमकतात.

बाजारात मी सहा अंड्यांचा डबा घेतला, आजोबांनी दोन डझन. त्यांनी मागच्या सीटवर नुसती ठेवून दिली, दोरी नाही काही नाही. मला कुठला धीर, मी माझा डबा मांडीवर दोन्ही हातांनी गच्च धरून बसलो, आणि चर्चजवळच्या वळणाला गाडी झुकली तसा अजून गच्च.

घरी पोचल्यावर त्यांची चोवीसच्या चोवीस शाबूत. माझ्या पँटवर बलक.