हा एकच रेणू आहे, हे कशावरून?

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाच्या (लेझर पडताच स्वतः चमकणारी रंगद्रव्यं दाखवणाऱ्या) पडद्यावरचा चमकता ठिपका दाखवला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आकारावरून नक्कीच नाही. रंगद्रव्याचा रेणू जेमतेम १ नॅनोमीटरचा, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे त्याचा ठिपका २०० ते ३०० नॅनोमीटर रुंद उमटतो. तेवढ्या जागेत दहा रेणू दाटले, तरी ठिपका तेवढाच दिसेल.

खरी साक्ष मिळते ती ठिपका विझताना. लेझर चालू ठेवून दर ५० मिलिसेकंदांना एक फ्रेम घ्या आणि ठिपक्याच्या तेजाचा आलेख काढा. रेणू एकच असेल तर रेघ सपाट चालते आणि एका फ्रेममध्ये थेट पार्श्वभूमीच्या पातळीवर कोसळते. दोन असतील तर सहसा दोन पायऱ्या दिसतात. रेघ हळूहळू उतरली, तर तिथे रेणूंचा पुंजका आहे. तो मोजणीतून काढून टाका. मात्र रेणू लुकलुकतात, विझलेला पुन्हा उजळतो. म्हणून पहिली घसरण दिसताच रेकॉर्डिंग थांबवू नका.

दुसरी परीक्षा विरलनाची. १०० पिकोमोलरचं (पिकोमोलर हे अतिविरळ द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) द्रावण ५० वर आणा: ठिपके निम्मे व्हायला हवेत, प्रत्येकाचं तेज मात्र तेवढंच राहायला हवं. इतकं विरळ द्रावण नळीच्या भिंतींना चिकटून आणखी विरळ होतं, त्यामुळे ते आयत्या वेळी बनवा.

एवढं करूनही फसवणूक होते ती काचेवरच्या मळाने. मळाचा कणही एका पायरीत विझू शकतो! कव्हरस्लिप (नमुना ठेवायची पातळ काच) १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा आणि अतिशुद्ध पाण्याने भरपूर धुवा. मग रंगद्रव्य न घालता नुसतं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) टाकून, तीच लेझर शक्ती आणि तोच एक्सपोजर ठेवून कोरी काच बघा. ही पायरी घाईत सगळ्यात आधी गाळली जाते, आणि माझ्या मते तिच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

रेणू जास्त टिकावेत म्हणून ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज ही विकरं (एन्झाइम) घालून ऑक्सिजन काढतात. त्यात ग्लुकॉनिक आम्ल तयार होऊन पीएच उतरत जातो आणि आम्लतेला संवेदनशील रंगद्रव्यांचं तेज बदलतं. नमुन्याचं चेंबर नीट बंद ठेवा, मिश्रण दर प्रयोगाला ताजं घ्या.