आईला घरात हिंदी बोलावी लागते

गेल्या दिवाळीत मी आईच्या खोलीत आवाजावर चालणारा एक स्पीकर आणून ठेवला. आई ७९ वर्षांची आहे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाल्यापासून तिला समोरच्याचा चेहरा, घड्याळाचे काटे आणि पुस्तकातली अक्षरे दिसत नाहीत. कडेचे तेवढे दिसते, त्यामुळे ती घरात आधाराशिवाय वावरते, पण रात्री जाग आली की किती वाजले हे कळायला कुणाला तरी हाक मारावी लागे. ती हाक मारत नसे, उजाडेपर्यंत तशीच पडून राहत असे, हे मला फार उशिरा समजले. आता ती विचारते आणि तिला वेळ कळते. एवढी एक सोय झाली तरी माझे पैसे फिटले.

अडचण भाषेची आहे. असे स्पीकर भारतात २०१७ मध्ये विकायला आले तेव्हा त्यांना इंग्रजीच समजत असे. हिंदी मागाहून आली. फोनवरच्या गूगल असिस्टंटमध्ये २०१८ सालीच मराठी आली, पण फोन आधी शोधावा लागतो, हातात धरावा लागतो, आणि आईला नेमके तेच जमत नाही. तिच्या उशाशी असलेल्या स्पीकरच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी जी आपली मातृभाषा म्हणून सांगितली, ती भाषा त्या यादीत नसावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

आम्ही इंदुरात रामबागेत राहतो. होळकरांच्या काळात इकडे आलेल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांभाळली आहे: उंबऱ्याबाहेर हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी. आईला हिंदी उत्तम येते, तिने ३० वर्षे हिंदी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवले. आणि डोळे साथ देत होते तोवर इंदुरातल्या ‘सानंद’ या सांस्कृतिक संस्थेचे एकही मराठी नाटक तिने चुकवले नाही. दोन्ही भाषांच्या जागा तिच्या मनात ठरलेल्या आहेत. रात्री अडीच वाजता जाग आल्यावर मात्र तिच्या तोंडी मराठीच येते, आणि त्या क्षणी तिला आधी मनातल्या मनात भाषांतर करावे लागते.

काही वाक्ये सुदैवाने दोन्हीकडे चालतात. ‘पंखा बंद कर’ म्हटले की पंखा थांबतो. ‘दिवा मालव’ म्हटले तर मात्र त्याला समजले नाही, असे उत्तर येते. एकदा तिने ‘काल एकादशी होती का’ असे विचारले. त्याने ‘काल’चे हिंदी ‘कल’ केले आणि उद्याची तिथी सांगितली. याहून गंभीर प्रसंग गोळीचा. ती जेवणानंतर घ्यायची असते. ‘आठ पंचेचाळीसला आठवण कर’ असे तिने सांगितले. हिंदीत त्याला पैंतालीस म्हणतात, त्यामुळे ‘पंचेचाळीस’ त्याने सोडूनच दिले आणि आठ वाजता आठवण केली. आईने यंत्रावर विश्वास ठेवून उपाशीपोटी गोळी घेतली. तेव्हापासून गोळीची वेळ मी स्वतः लावून ठेवतो.

या यंत्रात फक्त त्याचे नाव घेऊन मारलेली हाक ओळखण्याचे काम जागेवर होते. पुढचे वाक्य सहसा इंटरनेटवरून दूरच्या संगणकांकडे जाते, आणि तिथे हजारो तासांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यावरून शिकलेली प्रणाली त्याचा अर्थ लावते. म्हणूनच पावसाळ्यात इंटरनेट बंद पडले की घड्याळासारखी साधी गोष्टही बंद पडते, आणि वीज जाऊन परत आली तरी राउटर सुरू होईपर्यंत दोन-तीन मिनिटे आईच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्यापेक्षाही मला लागणारी गोष्ट ही की बोलणारा थांबला म्हणजे त्याचे वाक्य संपले, असे यंत्र धरून चालते. आई सावकाश बोलते. ‘मुझे कल सुबह’ म्हणून ती शब्दासाठी थांबते, तेवढ्यात ते उत्तर देऊ लागते. ती गप्प होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. वर्गात चाळीस मुलांना शांत बसवणाऱ्या बाईंना कुणी असे मध्येच तोडलेले मी कधी पाहिले नव्हते.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी तिच्या खोलीत वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. तिला डोळे मिटून पडायचे होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘लाइट बंद कर दो.’ आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्याशी हिंदीत बोलली होती. तिच्या ते लक्षातही आले नाही. मी दिवा मालवला आणि बराच वेळ अंधारात तिच्याजवळ बसून राहिलो.

यंत्र काढून टाकावे असे मला वाटत नाही, कारण वेळ न कळता उजाडेपर्यंत पडून राहण्याच्या त्या रात्री मला पुन्हा तिच्या वाट्याला येऊ द्यायच्या नाहीत. मराठी बोलण्याचा साठा वाढला तर मराठी समजणारी यंत्रे तयार होणे सोपे जाईल, इतकेच मला कळते. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमात ‘भाषादान’ नावाची सोय आहे. तिथे समोर आलेले वाक्य कुणालाही आपल्या आवाजात नोंदवता येते. मोझिला या संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ या आवाजांच्या खुल्या साठ्यातही मराठी आहे. अशा साठ्यांत सत्तरीपुढची माणसे, आणि त्यातही महाराष्ट्राबाहेर वाढलेली, भरपूर असायला हवीत असे मला वाटते. त्यांच्या ‘इंदुरी’ मराठीचा हेलही यंत्राच्या कानावर पडायला हवा.

आठवडाभरापासून दिवेलागणीनंतर आम्ही दोघे बसतो. आईला अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मी वाक्य वाचतो आणि ती ते आपल्या खणखणीत, शाळेतल्या आवाजात म्हणते. पहिल्याच दिवशी एका लांब वाक्याच्या मध्यावर ती थांबली, पुढचा शब्द आठवू लागली. मी बटणावरचे बोट उचलून घेतले आणि रेकॉर्डिंग चालू ठेवले.