एममॅपच्या 300 ओळी काढताना

फाइल सिस्टीम छोटीच: एका उपकरणासाठी लिहिलेली, लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये कधीच न गेलेली. ती 5.10 कर्नलवरून 6.6 वर न्यायची होती. एममॅप (फाइल थेट प्रोग्रामच्या मेमरीत जोडणं) सांभाळणारा भाग सुमारे 300 ओळींचा, आणि त्यातली बरीचशी खोगीरभरती. प्रोग्रामने न जोडलेल्या पेजला हात लावला, म्हणजे फॉल्ट आला, की पेज कॅशमध्ये (फाइलींचा मेमरीतला साठा) पेज शोधायचं, नसेल तर डिस्कवरून वाचायचं, लॉक करायचं, मग मधल्या वेळात कोणी फाइल छाटली नाही ना म्हणून लांबी पुन्हा तपासायची. कर्नलचं फाइलमॅप फॉल्ट हे फंक्शन नेमकं हेच करतं, शिवाय पुढची पेजेस आधीच वाचून ठेवतं. तो भाग सकाळीच उडवला.

आयनोडमधला (फाइलची नोंद ठेवणारी रचना) खासगी सेमाफोरही, म्हणजे एक कुलूप, गेला. फाइलच्या मधले ब्लॉक मोकळे करताना शेजारून फॉल्ट येऊन जुनं पेज परत कॅशमध्ये बसू नये, यासाठी तो होता. 5.15 पूर्वी प्रत्येक फाइल सिस्टीम अशी आपापली सोय करायची. ईएक्सटी4 आणि एक्सएफएसकडेही स्वतःची कुलपं होती. 5.15 पासून इनव्हॅलिडेट लॉक थेट अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये (एका फाइलची कॅशमधली पेजेस सांभाळणारी रचना) आहे. पेज कॅशमध्ये नसेल तेव्हा फाइलमॅप फॉल्ट तो स्वतःच शेअर्ड पद्धतीने (अनेकांना एकाच वेळी मिळेल असा) घेतं. आपण फक्त ट्रंकेट (फाइल छाटणं) आणि होल पंच (मधले ब्लॉक मोकळे करणं) यांच्या वाटेवर तो एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकट्यापुरता, घ्यायचा.

मॅप पेजेसचा कॉलबॅक (फॉल्टच्या वेळी कर्नल बोलावतं ते फंक्शन) जुन्या कोडमध्ये रिकामाच होता, म्हणजे कॅशमध्ये असलेल्या प्रत्येक 4 केबी पेजसाठी वेगळा फॉल्ट. तिथे फाइलमॅप मॅप पेजेस लावलं की एका फॉल्टमध्ये आजूबाजूची 64 केबीपर्यंतची, म्हणजे 16 पेजेस जोडली जातात. 256 एमबीची फाइल क्रमाने वाचताना 65,536 फॉल्ट व्हायचे, ते साधारण 4,096 वर येतात. एका ओळीत एवढी कमाई क्वचितच होते.

घोटाळा झाला तो पेज-एमकेराइटमध्ये. शेअर्ड मॅपिंगमधल्या (जिथलं लिखाण फाइलमध्येही जातं) पेजवर पहिल्यांदा लिहिताना कर्नल हे फंक्शन बोलावतं. प्रायव्हेट मॅपिंगला त्याच्याशी देणंघेणं नाही. जुनं फंक्शन गचाळ दिसत होतं, म्हणून त्याच्या जागी कर्नलचं तयार फाइलमॅप पेज-एमकेराइट बसवलं. सगळं मुकाट चाललं, आणि तिथेच शंका यायला हवी होती.

दुपारी 64 एमबीची लूप इमेज (डिस्कसारखी माउंट होणारी फाइल) घेतली. तिच्यावर ट्रंकेटने 256 एमबीची पोकळ फाइल (लांबी आहे, पण ब्लॉक नाहीत) केली, एममॅप केली आणि प्रत्येक पेजमध्ये एक बाइट लिहिला. इमेजमध्ये जेमतेम 16,384 ब्लॉक, तरी 65,536 च्या 65,536 लिखाणं बिनबोभाट पार पडली. एमसिंकने (बदल डिस्कवर लिहायला लावणारा कॉल) जागा नसल्याची एरर दिली खरी, पण ती न बोलावणाऱ्या प्रोग्रामला काहीच कळलं नसतं. अनमाउंट करून पुन्हा माउंट केल्यावर उरलेल्या ठिकाणी नुसती शून्यं.

कारण सरळ आहे. तयार फंक्शन पेजला डर्टी (डिस्कवर लिहायचं बाकी) म्हणून खूण करतं, पण डिस्कवर ब्लॉक राखून ठेवत नाही. जागा नाही हे उघड होतं ते राइटबॅकच्या, म्हणजे डर्टी पेजेस डिस्कवर लिहिण्याच्या, वेळी, आणि तोवर लिहिणारा पुढे निघून गेलेला असतो. ब्लॉक फॉल्टच्या क्षणीच मिळवला, तर जागा संपताच प्रोग्रामला सिगबस (एरवी प्रोग्राम बंद पाडणारा सिग्नल) बसतो. ते कितीही क्रूर वाटलं तरी निदान प्रामाणिक आहे.

त्या गचाळ फंक्शनचा तेवढा भाग परत आणला, आता 15 ओळींत. आधी एसबी स्टार्ट पेजफॉल्ट, म्हणजे फ्रीझ (फाइल सिस्टीमवरचं लिखाण तात्पुरतं रोखणं) चालू असेल तर लिहिणारा तिथेच थांबतो. मग इनव्हॅलिडेट लॉक शेअर्ड, मग ब्लॉक पेज-एमकेराइट, मग उलट्या क्रमाने सोडवणूक, आणि एरर कोडचं फॉल्ट कोडमध्ये रूपांतर व्हीएमएफ एफएस एररकडे. इथे आयनोडचं मुख्य कुलूप घ्यायचा मोह टाळायचा. राइट कॉल ते कुलूप धरून वापरकर्त्याचा बफर वाचतो. त्या वाचनात फॉल्ट आला तर मेमरीचं कुलूप आयनोडच्या कुलपानंतर घेतलं जातं; इथे क्रम नेमका उलटा होईल, आणि दोघे एकमेकांची वाट पाहत अडकू शकतात.

64 एमबीची चाचणी आता 16,384 च्या थोडं अलीकडेच सिगबसवर थांबू लागली, कारण काही ब्लॉक मेटाडेटाने खाल्लेले असतात. एफएसएक्सही (फाइलवर कशाही क्रमाने क्रिया करून तपासणारा प्रोग्राम) मॅप्ड रीड आणि मॅप्ड राइट चालू ठेवून पास झालं. एक्सएफएसटेस्ट्समधली (फाइल सिस्टीमच्या चाचण्यांचा संच) जेनेरिक 080 मात्र पडली. एममॅपमधून लिहिल्यावर एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) बदलतो का, हे ती पाहते. तयार फंक्शन फाइल अपडेट टाइम स्वतः बोलावतं. ब्लॉक पेज-एमकेराइट बोलावत नाही, आणि 15 ओळींत ती ओळ राहून गेली होती. अशा लिखाणाने फाइलची लांबीही बदलत नाही, आणि बॅकअपसाठी वापरलं जाणारं आरसिंक मुळात लांबी आणि एमटाइमच पाहतं. म्हणजे बदललेली फाइल बॅकअपमध्ये गेलीच नसती. सोळावी ओळ फ्रीझच्या तपासणीनंतर लगेच घातली.