पेशी पडल्या त्या दिवशी

जुलैतला पाऊस, कोकणात घरोघरी ताप, आणि फोनवर माझ्या पेशंट मावशींचा मुलगा. "मॅडम, आईच्या पेशी ४६ हजारांवर आल्यात. इथले डॉक्टर म्हणतात डेंगी असणार. बायकोने पपईच्या पानांचा रस काढून ठेवलाय, देऊ का?"

तीन आठवड्यांपूर्वी त्याच पेशी, म्हणजे प्लेटलेट, ४ लाख १२ हजार होत्या.

ताप आहे का? नाही. अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळी शौच? काहीच नाही. रक्ताच्या आजारावर मी दिलेली गोळी रोज चालू आहे? एकही चुकवलेली नाही. "मग आजपासून गोळी बंद, रस ओतून द्या आणि उद्या आईला घेऊन या." मुलगा भेदरला होता. मला मात्र, काळजी होतीच, पण आतून थोडं बरंही वाटत होतं.

मावशी अडुसष्ट वर्षांच्या, चिपळूणकडच्या. दोन वर्षं रक्ताच्या पिशव्यांवर काढलेली. दर खेपेला बदली रक्तदाते जमवताना मुलाचे मित्र संपत आले होते. मधल्या काळात कुणीतरी रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्याही चालू ठेवल्या होत्या. पिशव्यांमधून शरीरात आधीच लोह साठत होतं, साठलेल्या लोहाचा अंदाज देणारं फेरिटिन दोन हजारांच्या वर. या गोष्टीची मला दरवेळी चीड येते. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, एवढंच समीकरण पाठ असतं.

बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या रक्त बनवणाऱ्या मगजाची तपासणी, करायला मावशी तयार नव्हत्या. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो" हे त्यांनी गावात ऐकलेलं. कमरेच्या हाडातून काढतात, पाण्याशी संबंध नाही, हे समजावण्यात अख्खी ओपीडी गेली. पण मॅरोची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि निदान जवळजवळ समोरच आलं. प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशींचं केंद्रक एरवी अनेक पाळ्यांचं असतं. इथे एकेकच, वाटोळं, गरगरीत. गुणसूत्रांच्या अहवालाने शिक्कामोर्तब केलं: पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा गायब. बेल्जियमच्या व्हॅन डेन बर्घ यांनी १९७४ मध्ये वर्णन केलेला '५क्यू मायनस सिंड्रोम'. बायकांत जास्त, रक्तक्षय तीव्र, प्लेटलेट मात्र भरपूर.

यावर लेनालिडोमाइड, म्हणजे मावशींची ती गोळी, चालतं, हे कळलं तेही काहीसं अनपेक्षितपणे. अमेरिकेत ॲलन लिस्ट यांच्या गटाने मायलोडिस्प्लेसियाच्या (मॅरोत रक्तपेशी नीट न बनण्याचे आजार, ५क्यू त्यातलाच एक) ४३ रुग्णांवर ते तपासलं, निष्कर्ष २००५ मध्ये आले. सगळ्यांत चांगला गुण आला तो ५क्यूवाल्यांना. पुढच्या वर्षी फक्त अशाच १४८ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यांतल्या ६७ टक्क्यांना रक्त चढवायची गरजच उरली नाही. उंदरांवर हे कळलं नसतं. औषध ज्या सेरेब्लॉन प्रथिनाला पकडतं, त्यात उंदराच्या बाबतीत एका अमिनो आम्लाचा फरक आहे.

हे थॅलिडोमाइडच्याच घरातलं औषध. १९६१ पर्यंत गरोदर बायकांना दिलेल्या त्या गोळ्यांनी हजारो बाळं हातापायांविना किंवा खुरट्या हातापायांची जन्मली. मावशींना त्याचा धोका नव्हता. पण त्यांच्या गोळ्यांचा डबा भरणार होती सून, आणि तिला चौथा महिना. तिला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं: या कॅप्सूलला तू हात लावायचा नाही, फुटली तर मुळीच नाही. तेव्हापासून डबा मुलगाच भरतो.

तर दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. डेंगीची तपासणी निगेटिव्ह. पांढऱ्या पेशीही उतरलेल्या. मुलगा हात जोडून म्हणाला, "मॅडम, हे औषध नकोच. पिशव्या परवडल्या."

त्याला केस पेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. आईच्या हाडात बिघडलेल्या पेशींनीच जागा धरली होती, आणि त्या चार लाख प्लेटलेटही बहुतेक त्यांनीच बनवलेल्या. त्या तुकड्याबरोबर एका प्रथिनाची एक जनुकप्रत गेलेली, साठा निम्मा. गोळी उरलेलाही खाली आणते; चांगली पेशी तग धरते, बिघडलेली मरते. जुन्या गेल्या, नव्या अजून यायच्यात, म्हणून आकडा पडला. ज्यांच्या प्लेटलेट सुरुवातीला निम्म्याहून खाली येतात, त्यांना गुण येण्याची शक्यता जास्त, असं २००८ मध्ये प्रसिद्धही झालं आहे. म्हणून हमी आहे का? नाही, आणि तेही सांगितलं. ताप आला तर मध्यरात्रीसुद्धा निघायचं, हे दोनदा बजावलं.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. मुलाला म्हणाल्या, "तुझे मित्र संपले ना रे? मग घेऊया की गोळी."

पेशी ५० हजारांवर गेल्यावर गोळी पुन्हा सुरू केली, १० ऐवजी ५ मिलिग्रॅम. दर आठवड्याला रक्त तपासणी, त्यावरून एसटीच्या भाड्याची कुरकुर. हिमोग्लोबिन ६.४ वरून पिशवीशिवाय ७.९ झालं तेव्हा मी गप्प राहिले, प्रयोगशाळेतून पुन्हा करून घेतलं. ऑगस्टच्या मध्याला १०.८.

आता मॅरो पुन्हा बघायला हवा, तो तुकडा नसलेल्या पेशी किती उरल्यात ते कळायला. मावशी ऐकेनात. "रक्त आलंय ना? मग हाड कशाला टोचताय?" शेवटी गणपतीनंतरची तारीख दिली आहे. मोदक स्वतः वळणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय.